बापूसाहेबांची रंगीत तालीम

मिरजेतल्या आमच्या दवाखान्यात पुरुष वॉर्डाच्या सात नंबरच्या खाटेवर आम्ही एक पुतळा झोपवला. कमरेपर्यंतचाच होता, म्हणून पायांच्या जागी दोन उशा ठेवल्या आणि गळ्यापर्यंत चादर ओढली. उशाशी रीतसर केसपेपर लावला : बापूसाहेब, वय ५८, मुक्काम तासगाव, द्राक्षबागायतदार, शुगर जुनी, काल रात्री छातीत दुखलं म्हणून दाखल. नाव मावशींनी ठेवलं. बिननावाच्या माणसासाठी कुणी धावत नाही, असं त्यांचं म्हणणं.

राउंड नुकताच संपला होता. मी एप्रनच्या खिशात स्टॉपवॉच घातलं आणि टेबलावर बसलेल्या सिस्टरला म्हटलं, "सात नंबरला बघ गं, काय तर होतंय." त्या आठवड्यात कधीतरी तालीम होणार हे सगळ्यांना सांगितलं होतं, दिवस आणि वेळ सांगितली नव्हती.

ती धावली. हाक मारली, खांदा हलवला. उत्तर नाही. मग ती परत टेबलाकडे पळाली आणि बीपीचं मशिन घेऊन आली. पट्टा बांधायला दंड शोधला, तर पुतळ्याला हातच नाहीत. चाळीस सेकंद गेले. मग फोन. एक्स्चेंजवाला दुसऱ्या लाइनवर. दीड मिनिटाच्या आसपास माणसं गोळा व्हायला लागली आणि बघता बघता चौदा झाली. दोन मिनिटं दहा सेकंदांनी कुणीतरी छातीवर पहिला दाब दिला. इमर्जन्सी ट्रॉली शेजारच्या वॉर्डात, तिच्यापुढे वजनकाटा आणि रजिस्टरांची खोकी. ती आली तेव्हा खालचा ड्रॉवर कुलूपबंद. "चावी कुणाकडे?" असा आरडाओरडा सुरू झाला. चावी इन्चार्ज सिस्टरकडे असते. इन्चार्ज सिस्टर म्हणजे मी. ती माझ्या एप्रनच्या खिशात, स्टॉपवॉचच्या खाली होती.

पहिला विजेचा शॉक बसला तेव्हा घड्याळात सहा मिनिटं वीस सेकंद झाले होते. त्या चौदांपैकी बहुतेकांनी सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि श्वास देऊन तगवण्याचं, प्रशिक्षण घेतलेलं होतं. प्रमाणपत्रं ऑफिसच्या फाइलमध्ये नीट लावलेली आहेत.

हा लेख त्या सहा मिनिटांबद्दल आहे. सीपीआर येणारी माणसं एकत्र आली की सीपीआर येणारी टीम तयार होते, असं आम्हालाही वाटायचं.

आधी आजार समजून घेऊ. हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकच समजल्या जातात. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला स्वतःला रक्त पुरवणारी नळी तुंबते आणि त्या नळीवर जगणारा हृदयाचा भाग मरायला लागतो. माणूस घामाघूम होतो, छाती धरतो, पण बोलत असतो, नाडी लागत असते. कार्डियाक अरेस्ट म्हणजे पंपच बंद. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, नाडी लागत नाही. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण दवाखान्यात भरती असलेल्यांच्या बाबतीत कारणं आणखीही पुष्कळ : रक्तस्राव, ऑक्सिजन कमी पडणं, किडनी बिघडून वाढलेलं पोटॅशियम, फुप्फुसात अडकलेली गुठळी, फवारणीच्या औषधाची विषबाधा, मण्यार चावून श्वासाचे स्नायू लुळे पडणं.

एक फसवी गोष्ट नातेवाइकांना आणि नवीन सिस्टरांना हमखास चकवते. हृदय थांबल्यावरही काही जण थोडा वेळ आचके देतात, घोरल्यासारखा, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा श्वास घेतात. बघणारा म्हणतो, "श्वास चालू आहे की." तो श्वास नव्हे. शुद्ध नाही आणि श्वास नीट नाही, एवढ्यावरच अरेस्ट समजून हाक द्यायची. नाडी शोधण्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत.

आता शॉकबद्दल. गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक डोळ्यांपुढे आणा. साठ ढोल एका ठोक्यावर पडतात तेव्हा जमीन हलते. समजा, अचानक प्रत्येकाने आपापला वेगळाच ठोका धरला. कल्ला तेवढाच, उलट जास्तच, पण ताल गेला. हृदयाच्या पेशी असं करायला लागल्या की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात, आम्ही व्हीएफ म्हणतो. शॉक म्हणजे पथकप्रमुखाने हात वर करून सगळ्यांना एकदम थांबवणं. एक क्षण शांतता, आणि मग ताशाने पुन्हा चाल उचलली तर ढोल मागोमाग येतात. म्हणजे शॉक हृदय चालू करत नाही, त्यातला गोंधळ थांबवतो. मॉनिटरवर सरळ रेष आलेली असेल, तर पथकच घरी गेलंय, हात कुणाला वर करणार? तिथे शॉकचा उपयोग नाही. तिथे छातीवरचे दाब, अ‍ॅड्रिनलिन नावाचं औषध, आणि मूळ कारण शोधणं. सिनेमात सरळ रेषेवर शॉक देऊन हिरो उठून बसतो, त्या दृश्याने आमच्या कामाची फार नासाडी केलीय.

छातीवरचे दाब म्हणजे बंद मोटर हातांनी फिरवणं. उत्तम दाब दिले तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या साधारण पाव ते तिसरा हिस्साच मिळतो. तो मेंदूला थोडा वेळ तगवतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि थांबायचं नाही. थांबलं की जमवलेला रक्तदाब लगेच उतरतो आणि पुन्हा चढवायला बरेच ठोके खर्ची पडतात. अगदी हातपंपासारखं : मध्ये सोडला तर पाणी खाली जातं.

उशिराची किंमत काय? व्हीएफमध्ये शॉकला आणि सीपीआरला उशीर होत गेला, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते. २००८ साली अमेरिकेतल्या ३६९ रुग्णालयांमधल्या ६,७८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे भरती असलेले आणि शॉकने सुधारू शकणाऱ्या तालाचे. तरी त्यातल्या जवळजवळ ३० टक्क्यांना पहिला शॉक दोन मिनिटांनंतर मिळाला. वेळेत शॉक मिळालेल्यांपैकी ३९ टक्के घरी गेले, उशीर झालेल्यांपैकी २२ टक्के. दवाखान्यात असूनही. मशिन असूनही.

मराठीत 'तालीम' हा शब्द फार सोयीचा आहे. नाटकाचीही तालीम आणि पैलवानाचीही तालीम. सांगलीला हा शब्द शिकवायची गरज नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग इथंच केला, आणि कुस्तीच्या तालमी तर गल्लोगल्ली. डॉक्टर मंडळी 'सिम्युलेशन' म्हणतात. मी मामा-मावशींना 'रंगीत तालीम' म्हणून सांगितलं, एका वाक्यात समजलं. संवाद पाठ असणं वेगळं आणि कपडे घालून, दिवे लावून, सगळ्यांच्या बरोबर रंगमंचावर उभं राहणं वेगळं. सीपीआरचा कोर्स म्हणजे संवाद पाठ करणं.

गंमत अशी की ही कल्पना वैद्यकशास्त्राने उसनी आणली, तीही वाद्यं बनवणाऱ्याच्या आणि खेळणी बनवणाऱ्याच्या घरातून. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतून जाताना मला हे हटकून आठवतं. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्याने १९२९ साली जमिनीवरच डुलणारं, वळणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीच्या बागांमध्ये विकलं गेलं. १९३४ साली टपाल वाहताना खराब हवामानात लष्करी वैमानिक मरायला लागले, तेव्हा सैन्याने सहा नग घेतले.

खेळणीवाला नॉर्वेचा, आस्मुंड लेर्डाल. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवायचा. स्वतःच्या लहान मुलाला त्याने बुडताना वाचवलं होतं. तोंडावाटे श्वास देण्याचा सराव करायला डॉक्टरांना पुतळा हवा होता, तो त्याने १९६० साली बनवला. त्या पुतळ्याचा चेहरा, पॅरिसच्या सीन नदीत सापडल्याचं सांगितल्या जाणाऱ्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं, हे प्रसिद्ध केलं. आमचे बापूसाहेब त्याच बाहुलीच्या खानदानातले, गरीब शाखेतले.

पण पुतळ्याने एकट्याचा हात बसतो. टीमचं शहाणपण आलं ते पुन्हा विमानांकडून. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणाला निघालेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नसावं. त्याने विचारलंही. कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ माणूस. त्याने ते उडवून लावलं आणि इंजिनिअर गप्प बसला. असे अपघात तपासता तपासता विमानकंपन्यांनी १९८० च्या दशकात वैमानिकांना विमान उडवण्याखेरीज आणखी एक गोष्ट शिकवायला घेतली : साहेबाला कसं टोकायचं, आणि साहेबाने कसं ऐकायचं. स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने तेच ऑपरेशन थिएटरात आणलं.

आता परत सात नंबरच्या खाटेकडे.

तालीम आठ मिनिटं चालली. त्यानंतर आम्ही पंचवीस मिनिटं बोललो, आणि खरी तालीम ती. याला डीब्रीफिंग म्हणतात. पुतळा, मशिन, स्टॉपवॉच हे सगळं या बोलण्यासाठी केलेलं निमित्त आहे, असं माझं मत झालंय. चहा मागवला, सगळे एकाच पातळीवरच्या खुर्च्यांवर बसले. डॉक्टरांना टेबलामागची खुर्ची दिली नाही. दोन नियम सांगितले. इथलं बोलणं कुणाच्या गोपनीय अहवालात जाणार नाही. आणि 'का केलंस' असं विचारायचं नाही, 'त्या वेळी मनात काय होतं' असं विचारायचं.

बीपीचं मशिन आणायला परत पळालेली सिस्टर मान खाली घालून बसली होती. वय तेवीस. मी विचारलं, "हाक मारलीस, उत्तर नाही आलं. मग मनात काय आलं?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आधी जिथं होते तिथं मी बीपी न घेता डॉक्टरांना फोन केला होता, तर ते सगळ्यांपुढं बोलले. बीपी किती, पल्स किती, काहीच माहीत नाही आणि फोन कसला करतीस म्हणून. तेव्हापासनं मी नंबर घेतल्याशिवाय फोन करत नाही."

माझ्या मनात तोवर तिच्यासाठी एक वाक्य तयार होतं : 'कोर्समध्ये काय शिकवलं होतं?' ते मी गिळलं. तिला येत नव्हतं, असं नाहीच. तिला फार नीट शिकवलं गेलं होतं, फक्त चुकीचं, आणि शिकवणारा तिसऱ्याच गावातला माणूस. हे कुठल्याही लेखी परीक्षेत सापडलं नसतं. आमच्या फिजिशियन सरांनी तिथल्या तिथे सांगितलं, "शुद्ध नाही, श्वास नीट नाही, एवढं म्हण. मी बीपी विचारणार नाही. चुकून अरेस्ट नसला तरी मी हसत परत जाईन." त्या एका वाक्याने पुढच्या तालमीतले चाळीस सेकंद वाचले.

दुसरी गोष्ट मामांची. वॉर्डातले जुने मामा ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ उभे होते. अ‍ॅम्बूची म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीची नळी लावलेली, सिलिंडरचा कॉक बंदच. चार मिनिटं बापूसाहेबांना नुसती वॉर्डातली हवा मिळत होती. मामांनी ते पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "दिसलं की. मला वाटलं डॉक्टरांनी मुद्दाम बंद ठिवलाय. आपण कसं बोलायचं?" तेनेरिफचा इंजिनिअर आणि आमचे मामा, दोघांची अडचण एकच. यावर नुसतं 'बिनधास्त बोला' म्हणून चालत नाही. पंचवीस वर्षांची सवय अशी जात नाही. म्हणून आम्ही मामांना एक ठरलेलं कामच दिलं : ट्रॉली आली की मोठ्याने म्हणायचं, "ऑक्सिजन चालू, बघितला." आता बोलणं हे धाडस राहिलं नाही, ड्यूटी झाली.

तिसरी गोष्ट सरांची स्वतःची. त्या दिवशी ड्यूटीवर तेच होते, चांगले अनुभवी. आल्या आल्या ते डोक्याकडे गेले आणि घशात नळी घालायला वाकले. नळी घालण्यात हातखंडा, त्यामुळे हात तिकडेच जातात. पण त्यांचं डोकं खाली गेलं आणि वर कुणी उरलंच नाही. दाब देणारा थकलाय, दोन मिनिटं होऊन गेलीत, मॉनिटरवर व्हीएफ दिसतोय, हे बघणारा कोणी नव्हता. टीमच्या म्होरक्याने खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि शक्यतो कशालाच हात लावायचा नाही. गाबांच्या लोकांपासून आजवर सगळे हेच सांगतात. सरांना ते फार जड गेलं. पुढच्या तालमीत ते अक्षरशः हात मागे बांधून उभे राहिले. पाटलांच्या वाड्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणाले.

बोलण्याची एक पद्धतही ठरवावी लागते. गोंधळात "अ‍ॅड्रिनलिन द्या कुणीतरी" असं म्हटलं की दोन गोष्टी होतात : एकतर कुणीच देत नाही, किंवा दोघी देतात. म्हणून नाव घेऊन सांगायचं, ऐकणारीने तेच परत म्हणायचं, आणि झाल्यावर झालं म्हणून सांगायचं. "स्मॉल सिस्टर, अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम." "अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम, देते." "दिलं, दहा बावन्न." (स्मॉल सिस्टर म्हणजे उंचीने लहान. वॉर्डात एकाच नावाच्या दोघी असल्या की असंच होतं.) वेळ म्हणायची ती यासाठी की पुढचा डोस तीन ते पाच मिनिटांनी असतो आणि त्या धावपळीत तीन मिनिटं दहा मिनिटांसारखी वाटतात, किंवा उलट. लिहिणारी एक व्यक्ती वेगळी ठेवायची, तिने दुसरं काहीच करायचं नाही.

आणि गर्दी. चौदा माणसं लागत नाहीत. सहा-सात पुरतात : म्होरक्या, दाबणारे दोघे आलटून पालटून, श्वासाकडे एक, सलाईन-औषधाला एक, शॉक मशिनला एक, लिहायला एक. बाकीच्यांनी नातेवाइकांना धरावं, पडदे ओढावेत, शेजारच्या खाटा सरकवाव्यात. शेजारच्या खाटांचं सांगायचं म्हणजे, आठ नंबरच्या पेशंटच्या आईला आम्ही आधी समजावून सांगितलं होतं की हा पुतळा आहे, सराव आहे. तरी शॉक झाल्यावर ती आजी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "वाचला का ओ बापू?" तेव्हापासून तालीम संपल्यावर वॉर्डभर फिरून सगळ्यांना सांगायचा नियम केला.

हे सगळं वॉर्डातच करायचं, वरच्या मजल्यावरच्या गारगार स्किल लॅबमध्ये नव्हे. लॅबमध्ये हात बसतो, तिथे ते करावंच. पण लॅबमधली ट्रॉली कधी वजनकाट्यामागे अडकत नाही. आमच्या पहिल्या चार तालमींत जे सापडलं, त्यात माणसांच्या चुकांपेक्षा वस्तूंचे रुसवे-फुगवे जास्त. शॉक मशिन चार्ज नव्हतं आणि खाटेजवळच्या सॉकेटमध्ये तीन मोबाइल चार्जर. घशात नळी घालताना आत बघायच्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब लागेना, कारण सेल आतच ठेवून गंजले होते. जेलीची ट्यूब वाळलेली. आणि एअर बेड. बेडसोर होऊ नये म्हणून हवा भरलेली गादी असते. तिच्यावर झोपलेल्या माणसाची छाती दाबली की निम्मा जोर गादी खाते. दाबणाऱ्याला वाटतं पाच सेंटिमीटर गेलं, छाती मात्र तेवढी दबलेलीच नसते. गादीची हवा सोडायचा व्हॉल्व्ह असतो, तो आमच्यातल्या फक्त एका मावशीला माहीत होता, कारण गाद्या तीच धुते. हवा उतरेपर्यंत दाब थांबवायचे नाहीत, पाठीखाली फळी सरकवायची, व्हॉल्व्ह दुसऱ्याने उघडायचा. अशा दोषांना इंग्रजी पुस्तकांत भारदस्त नाव आहे. माझ्यासाठी ते दबा धरून बसलेले विंचू. खऱ्या पेशंटच्या वेळी डसायच्या आधी पुतळ्याच्या वेळी डसले तर बरं.

दाबांच्या बाबतीत सगळ्यात मोठा धडा एका ब्रदरने दिला. तो रोज पहाटे तालमीत जातो, खऱ्या मातीच्या. जोर-बैठका मारलेलं अंग. त्याने पैज लावली की तो पाच मिनिटं एकटा दाबेल. पुतळ्याच्या छातीत खोली मोजणारा दिवा आहे, नीट दाबलं की हिरवा. सव्वा मिनिट हिरवा राहिला. मग मध्येच विझायला लागला. दोन मिनिटं होईतो निम्म्या दाबांना लागेना. आणि तो म्हणत होता, "मी दमलोच नाय अजून." यात त्याचा दोष नाही. दाबाची खोली एक-दोन मिनिटांत घटते आणि दाबणाऱ्याला ते उशिरा कळतं, हे पुष्कळदा मोजलं गेलंय. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, दमला असो वा नसो, आणि बदलताना पाच सेकंदांच्या वर थांबायचं नाही. वेगाला आम्ही मोबाइलवर ११०चा ठोका लावतो. अ‍ॅम्बू दाबणाऱ्याचा मात्र उलट आजार : घाबरला की तो भराभरा दाबतो. घशात नळी घातल्यावर सहा सेकंदांतून एकदाच, मिनिटाला दहा. जास्त हवा भरली की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं.

उपयोग होतो का? इथे मी जरा सांभाळून बोलेन. वागणूक सुधारते हे दिसलंय. शिकागोत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शिकाऊ डॉक्टरांचा २००८ सालचा अभ्यास आहे. सिम्युलेटरवर तयार झालेल्यांनी खऱ्या अरेस्टमध्ये ६८ टक्के वेळा ठरलेली पद्धत पाळली, नुसत्या जुन्या पद्धतीने शिकलेल्यांनी ४४ टक्के वेळा. माणसं जास्त वाचतात का, हे सिद्ध करणं अवघड. मिशिगन विद्यापीठाच्या मुलांच्या रुग्णालयात अशा तालमी नियमित सुरू केल्यावर वाचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून ५०च्या आसपास गेलं, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. पण ती आधी-नंतरची तुलना. त्या काळात दवाखान्यात बाकीही काही बदललं असेल. सगळं श्रेय पुतळ्याला देता येत नाही. अरेस्ट झालेल्यांत मुळातच फार आजारी माणसं असतात. उत्तम टीम असूनही बरेच जण जातात, हे नवीन मुलींना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, नाहीतर त्या स्वतःला खात बसतात.

वर्षातून एकदा मोठा सोहळा करून, बॅनर लावून, फोटो काढून तालीम करणाऱ्यांबद्दल मला फारसं बरं बोलता येणार नाही. हातातलं कसब तीन ते सहा महिन्यांत उतरतं. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं, एकदा तरी नाइट ड्यूटीत. रात्री तीन वाजता वॉर्डात किती माणसं असतात आणि लिफ्टपर्यंत किती पावलं आहेत, हे दिवसाच्या तालमीला कळत नाही. पैसाही फार लागत नाही. बोलणारा, घाम येणारा, डोळे मिचकावणारा लाखांतला पुतळा असेल तर उत्तम. आमचा अर्धा आहे आणि त्याच्या मॉनिटरवरचा ताल आम्ही टॅबवर दाखवतो.

काही पथ्यं मात्र कडक. तालमीची औषधं म्हणजे पाणी भरलेल्या रिकाम्या बाटल्या. त्यांवर लाल अक्षरात 'फक्त तालमीसाठी' लिहायचं आणि मोजून परत घ्यायच्या. एक जरी वॉर्डात राहिली आणि खऱ्या माणसाला टोचली गेली, तर केलेल्या सगळ्या तालमींवर पाणी. ट्रॉलीतलं खरं सामान वापरलं तर लगेच जागेवर भरायचं. शॉक देताना "बाजूला व्हा" हे खोट्यालाही खऱ्याइतकंच मोठ्याने. आणि वॉर्डात खरीच गडबड झाली तर कुणीही "खरं आहे, खरं आहे" असं ओरडायचं, त्या क्षणी बापूसाहेबांना तसंच सोडून सगळे तिकडे. एकदा तसं झालंही. बारा नंबरचा पेशंट, घरघर लागलेली. मी सिस्टरकडे पाहिलं, ती बीपीच्या मशिनकडे वळलीसुद्धा नाही.

घरी वाचणाऱ्यांसाठी तेवढंच सांगते जेवढं खरोखर उपयोगी आहे. मोठं माणूस तुमच्यासमोर कोसळलं, हाकेला उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर १०८ला फोन लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात, भराभर दाबत राहा. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य माणसांसाठी हीच पद्धत सुचवली, तोंडावाटे श्वास न देता नुसतं दाबण्याची. कृष्णेत बुडालेल्या माणसाचं आणि लहान मुलांचं वेगळं. त्यांचा श्वास आधी थांबलेला असतो, म्हणून ज्याला येतं त्याने श्वासही द्यावा. घरात दोघे-तिघे असाल तर आलटून पालटून दाबा. बरगडी मोडेल याची भीती नको, मोडलेली जुळते.

आमच्या ट्रॉलीच्या बाजूला एक कागद चिकटवलाय. प्रत्येक तालमीत जे अडलं ते एका ओळीत लिहायचं, सुटलं की खोडायचं. 'चावी' खोडलंय : कुलूप काढून टाकलं, त्याजागी ओढलं की तुटणारं प्लॅस्टिकचं सील आलं. 'एक्स्चेंज' खोडलंय, वेगळी लाइन मिळाली. 'एअर बेड' खोडलंय. 'चार्जर' तीनदा खोडलंय आणि तीनदा परत लिहिलंय, ते नातेवाइकांच्या हातात आहे. गेल्या तालमीत शॉकला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. सगळ्यात खालची ओळ मामांनी स्वतः लिहिलीय, पेन्सिलीने : 'रात्री लिफ्टची चावी वॉचमनकडं. वॉचमन चहाला गेला तर?'